मेक्सिकोतल्या बीच रिसॉर्टवर टिप: कुणाला, किती आणि कशी द्यावी

मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सुट्टीला जाणारी मराठी कुटुंबं आता बरीच दिसतात. टेक्सास, न्यू जर्सी, शिकागोकडची मंडळी थँक्सगिव्हिंगला किंवा नाताळात कानकुन गाठतात. भारतातून मुलांकडे आलेले आईवडीलही सोबत असतात, कारण अमेरिकेचा वैध व्हिसा हातात असला की पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. हॉटेल बहुतेक वेळा ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’ असतं. मनगटाला पट्टा बांधला की खाणंपिणं, पोहणं, संध्याकाळचे कार्यक्रम सगळं त्यात आलं. मग पहिल्याच जेवणाला टेबलावर कुजबुज सुरू होते: पैसे तर आधीच भरलेत, आता वेटरला वेगळे द्यायचे का?

द्यायचे. किती, कुणाला आणि कसे, ते पुढे टप्प्याटप्प्याने सांगते. त्याआधी कारण समजून घ्या, म्हणजे प्रत्येक वेळी पैसे काढणं जिवावर येणार नाही.

२०२५ साली मेक्सिकोतलं सर्वसाधारण किमान वेतन होतं २७८.८० पेसो. तासाला नव्हे, दिवसाला. कानकुनच्या हॉटेल झोनमधल्या एखाद्या बारमध्ये दोन कॉकटेल घेतली तरी तेवढं बिल सहज होतं. रिसॉर्टमध्ये खोल्या आवरणाऱ्या, ताटं उचलणाऱ्या, पाण्याकाठी टॉवेल देणाऱ्या अनेकांचा मूळ पगार या आकड्याच्या आसपास घुटमळतो. घर चालतं ते टिपवर. तिथल्या संघीय कामगार कायद्याच्या ३४६ व्या कलमात तर स्पष्टच म्हटलंय की टिप हा कामगाराच्या वेतनाचाच भाग आहे आणि मालकाला त्यात वाटा घेता येणार नाही. कानकुन हे शहरच १९७० नंतर सरकारने पर्यटनासाठी वसवलं. युकातान, ताबास्को, चियापासच्या गावांतून माणसं इथे कामाला आली आणि अजून येतात. चमचमत्या हॉटेलांच्या रांगेपासून दूर, शहराच्या आतल्या वस्त्यांमध्ये ती राहतात आणि बसने कामावर येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात वादळांच्या दिवसांत पाहुणे रोडावतात, तेव्हा पगार तोच राहतो, पण टिप आटते. त्या काळात स्वस्तात बुकिंग मिळालं असेल तर हात थोडा सैल ठेवायला तेवढं कारण पुरे आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. टिप, म्हणजे तिथली ‘प्रोपीना’, ऐच्छिक आहे. ग्राहकांच्या हक्कांसाठी असलेली तिथली सरकारी संस्था ‘प्रोफेको’ हे वारंवार सांगते. कुणी बिलात जबरदस्तीने टिप लावली तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यामुळे घाबरून किंवा लाजून देऊ नका, समजून द्या.

पहिला टप्पा: पेसो घ्या आणि सुटे करा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

डॉलर चालतात का? चालतात. पण ते बदलून घेण्याची खटपट कामगाराच्या माथी येते. त्याला बँकेत किंवा मनी चेंजरकडे जावं लागतं, तिथे दर कमी मिळतो, आणि नोट जराशी फाटलेली किंवा लिहिलेली असली तर ती घेतच नाहीत. अमेरिकन नाणी तर अजिबात देऊ नका. पावली, अर्ध्या डॉलरची नाणी तिथे कुठेच बदलून मिळत नाहीत. घेणाऱ्याच्या हातात ती नुसती धातूची चकती ठरते. डॉलर द्यायचेच असतील तर एक, पाच, दहाच्या स्वच्छ, कोऱ्या नोटा. रुपयांचा तर प्रश्नच नाही.

पेसोचा दर गेल्या काही वर्षांत डॉलरला साधारण १७ ते २० असा फिरतोय. डोक्यात हिशेब ठेवायला सोपं म्हणजे २० पेसो म्हणजे एका डॉलरच्या जरा वर. भारतीय पैशांत अंदाजे ९० ते १०० रुपये. नोटा २०, ५०, १००, २००, ५०० आणि १००० च्या. २० चं नाणंही आहे. टिपसाठी तुम्हाला लागतात २०, ५० आणि १००.

एटीएममधून बहुधा ५०० च्या नोटा निघतात. त्या मोडायला हॉटेलचं रिसेप्शन आहे किंवा कोपऱ्याकोपऱ्यावर दिसणारं ‘ऑक्सो’ हे दुकान. पाण्याची बाटली घ्या, नोट मोडून घ्या. शक्यतो बँकेच्या शाखेतलंच एटीएम वापरा. हॉटेल झोनमधली काही यंत्रं पेसोऐवजी डॉलर देतात, तेव्हा बटण दाबण्याआधी पडदा वाचा. यंत्राने ‘आमच्या दराने रूपांतर करू का’ असं विचारलं तर नकार द्या, तुमच्या बँकेचा दर जवळपास नेहमीच बरा असतो.

आणि हे विसरूच नका: मेक्सिकोत पेसोलाही $ हेच चिन्ह वापरतात. मेनूवर $१८० दिसलं की छातीत धस्स होतं, पण ते १८० पेसो असतात. उलटंही होतं. लॉस काबोससारख्या ठिकाणी काही जागी खरोखरच डॉलरमध्ये भाव लावलेले असतात. शंका आली की ‘पेसोस ओ दोलारेस?’ एवढं विचारा.

दुसरा टप्पा: विमानतळ ते खोली

कानकुन विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडताना एक दालन लागतं. तिथे गणवेशातली, गळ्यात ओळखपत्र घातलेली माणसं अदबीने हाक मारतात, ‘तुमची गाडी कुठली, दाखवतो’ म्हणतात. यातले बरेच जण टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घरातला वर्षातल्या काही दिवसांचा वाटा, विकणारे असतात. त्यांना टिप द्यायची नाही आणि थांबायचंही नाही. हसून ‘नो, ग्रासियास’ म्हणा आणि सरळ बाहेर चला. तुमचा खरा ड्रायव्हर नावाची पाटी घेऊन बाहेर उभा असतो.

हमालाने सामान गाडीपर्यंत आणलं तर नगाला २० पेसो. आधी ठरवलेल्या खासगी गाडीच्या ड्रायव्हरला प्रत्येक फेरीला ५० ते १०० पेसो. कार सीट बसवून दिली, वाटेत औषधाच्या दुकानाशी थांबला, तर १०० च द्या. साध्या टॅक्सीवाल्याला टिपची प्रथा नाही, त्याने बॅगा उचलल्या तर द्या. ‘आदो’ कंपनीच्या बसने किंवा कोलेक्तीव्हो, म्हणजे अनेक प्रवाशांनी मिळून वापरायच्या व्हॅनने गेलात तर काहीच नाही.

हॉटेलात बॅगा खोलीत आणून देणारा तो बोतोनेस. त्याला नगाला २० ते ३० पेसो. आपल्याकडे चार जणांचं कुटुंब म्हणजे पाच-सहा बॅगा, त्यातली एक हमखास खाऊची. सगळं मिळून १०० ते १५० पेसो पुरतात. तो एसी कसा चालवायचा, तिजोरी कशी लावायची हे दाखवत असतो. ते संपेपर्यंत नोटा हातात तयार ठेवा, पाकीट उघडून शोधाशोध नको.

चेक-इन करून देणाऱ्या रिसेप्शनच्या माणसांना टिप अपेक्षित नाही. ‘उद्या सकाळी नाश्त्याला या, फक्त एक माहिती देतो’ असं आग्रहाने सांगणारा कुणी भेटला तर तोही बहुधा सभासदत्व विकणारा. त्याचं तुम्ही काही देणं लागत नाही.

तिसरा टप्पा: खोली आवरणाऱ्या ताई

सगळ्यांत जास्त विसरली जाणारी आणि माझ्या मते सगळ्यांत आधी द्यायला हवी अशी टिप ही. वेटर समोर असतो, हसतो, म्हणून त्याला दिलं जातं. खोली आवरणारी, तिथल्या भाषेत कामारिस्ता, मात्र तुम्ही समुद्रावर असताना येते आणि जाते. तुम्ही तिला पाहतही नाही.

रोज ५० ते १०० पेसो. मोठं कुटुंब, लहान मुलं, दोन खोल्या असतील तर खोलीमागे तेवढे.

रोज, हे महत्त्वाचं. शेवटच्या दिवशी एकदम ५०० ठेवून निघू नका. कायद्याने आठवड्याचे सहा दिवस काम आणि एक सुट्टी असते, मजले बदलतात, पाळ्या बदलतात. चार दिवस तुमच्या बाथरूमातली वाळू काढणारी एक आणि पाचव्या दिवशी नोट उचलणारी दुसरीच, असं सहज होतं.

पैसे उशीवर किंवा आरशासमोर ठेवा आणि सोबत चिठ्ठी लिहा: ‘पारा ला कामारिस्ता, ग्रासियास’, म्हणजे ‘कामारिस्तासाठी, धन्यवाद’. चिठ्ठीशिवाय पडलेल्या पैशांना ती बहुधा हात लावत नाही, कारण पाहुण्याचे विसरलेले पैसे उचलल्याचा आळ म्हणजे नोकरीवर गदा. हॉटेलचं नाव छापलेली वही टेबलावर असतेच, तिचं पान वापरा. चेक-आउटच्या सकाळचे पैसेही विसरू नका. तुम्ही गेल्यावर खोलीची सगळ्यांत मोठी साफसफाई त्याच दिवशी असते.

आपल्या खोल्यांना जरा जास्त कष्ट पडतात, हेही मान्य करायला हवं. केसांना तेल लावून झोपणाऱ्यांच्या उशा, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, लोणच्याचा डाग पडलेला टॉवेल, गालिच्यावर सांडलेला चिवडा. असं काही झालं असेल त्या दिवशी ५० ऐवजी १०० ठेवा.

कुणाला पैशांसोबत भेटवस्तू द्यावीशी वाटते: मुलांचे न लागणारे फ्लोट, न उघडलेली मिठाई, एखादी ओढणी. चांगलंच आहे, पण अनेक रिसॉर्टमध्ये कामगारांच्या पिशव्या बाहेर पडताना तपासल्या जातात. म्हणून वस्तूवर चिठ्ठी हवी: ही वस्तू मी भेट दिली आहे, तुमचं नाव, खोली क्रमांक, तारीख, सही. शक्य असेल तर रिसेप्शनलाही सांगून ठेवा. नाही तर तुमची भेट तिला दारावर अडवेल.

चौथा टप्पा: जेवण आणि बार

बुफेवर वाढून तुम्हीच घेता, पण पाणी, कॉफी, ताटं उचलणं हे सगळं वेटर करतो. सकाळी आणि दुपारी टेबलामागे २० ते ५० पेसो पुरे. रात्री मेनूवरून मागवायच्या रेस्टॉरंटमध्ये जेवलात तर दोघांनी ५० ते १००, चार जणांच्या कुटुंबाने १०० ते १५०. रूम सर्व्हिसला ३० ते ५०. पैसे वेटरच्या हातात द्या, ‘पारा उस्तेद, ग्रासियास’ (तुमच्यासाठी, धन्यवाद) म्हणा. टेबलावर ठेवायचे तर ग्लासाखाली ठेवा. समुद्राचा वारा नोटा उडवतो.

काही जण विचारतात, सगळ्यांना एकदम शेवटी एका पाकिटात दिले तर? काही ठिकाणी पेटी असते आणि पैसे वाटले जातात. पण थेट हातात दिलेलं हातातच राहतं, त्यामुळे माझं मत थेट देण्याकडेच आहे.

बारवर दर फेरीला २० पेसो द्या किंवा पहिल्या दिवशी १०० देऊन नंतर अधूनमधून. फक्त लिंबूपाणी आणि नारळपाणीच घेणार असलात तरी द्या, कष्ट तेवढेच. पाण्याकाठी छत्री लावून देणारा, खुर्च्या ओढून चार जागा एकत्र करून देणारा, त्याला २० ते ५०.

आता शाकाहाराचं. आपल्यातल्या पुष्कळांसाठी मेक्सिकोत खरी सेवा इथेच लागते. तिथल्या भातात कोंबडीचा रस्सा असू शकतो, राजम्यासारख्या फ्रिहोलेसमध्ये डुकराची चरबी, म्हणजे मांतेका, पडलेली असू शकते. वरून दोन्ही शाकाहारीच दिसतात. पहिल्याच दिवशी बुफेच्या प्रमुख शेफला भेटा आणि सांगा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मांतेका’, म्हणजे मांस, कोंबडी, मासे, डुकराची चरबी काहीही नको. अंडं चालत नसेल तर ‘सिन वेवो’ही जोडा. रिसॉर्टचे शेफ हे गंभीरपणे घेतात. कुणी वेगळ्या तव्यावर भाज्या परततो, कुणी मक्याच्या तोर्तीयांत बटाटा, चीज आणि नोपाल निवडुंग भरून देतो, आणि आजी-आजोबांना कांदा-लसूण नको म्हटल्यावर तेही समजून घेतो. असं वेगळं रांधून देणाऱ्या शेफला पहिल्या-दुसऱ्या दिवशीच १०० ते २०० पेसो हातात द्या, आणि शेवटी पुन्हा. इथे हात आखडू नका. स्वयंपाकघरातल्या माणसांपर्यंत पाहुण्यांचे पैसे क्वचितच पोचतात.

पाचवा टप्पा: हॉटेलबाहेरचं रेस्टॉरंट

इथे हिशेब टक्क्यांत. साधारण १० ते १५ टक्के. पर्यटकांच्या भागात १५ हीच रीत झाली आहे. छान सेवा मिळाली तर २०. अमेरिकेत राहणाऱ्यांना हे हलकं वाटेल, भारतातून आलेल्यांना जड, कारण बडीशेपेच्या ताटलीत उरलेली चिल्लर ठेवून उठायची आपली सवय. इथे तसं करू नका. ८०० पेसोचं बिल असेल तर १०० ते १२० ठेवा.

बिल आपणहून येत नाही. जेवण झाल्यावर वेटर बिल आणून ठेवणं तिथे पाहुण्याला उठवल्यासारखं मानतात. ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हटलं की येतं. ते नीट वाचा. ‘ईवा’ म्हणजे १६ टक्के कर; ती टिप नव्हे आणि त्यातला छदामही वेटरला मिळत नाही. ‘प्रोपीना’ किंवा ‘सेर्विसियो’ अशी ओळ असेल तर टिप आधीच धरली आहे, पुन्हा देऊ नका. मोठ्या गटाच्या बिलात ही ओळ बऱ्याचदा असते.

कार्ड देत असाल तर वेटर यंत्र टेबलाशी आणतो आणि पैसे कापण्याआधीच टिप किती ते विचारतो. टक्के सांगा किंवा थेट पेसोतली रक्कम. रक्कम पेसोतच आहे ना, हे बघूनच पिन टाका. रोखीने देणं जमत असेल तर टिप रोखीतच द्या.

मारियाची वादक टेबलाशी आले तर त्यांची टिप नसते, गाण्याचा दर असतो. आधी किंमत विचारा, मग फर्माईश करा. नको असेल तर सुरुवातीलाच नम्रपणे नाही म्हणा. तीन गाणी ऐकून मान फिरवणं वाईट दिसतं.

सहावा टप्पा: सहली

चिचेन इत्सा या प्राचीन माया शहराची दिवसभराची बसची सहल असेल तर गाइडला माणशी ५० ते १०० पेसो, ड्रायव्हरला माणशी २० ते ५०. दोघांना वेगवेगळे द्या. खासगी गाइड घेतला तर सहलीच्या किमतीच्या १० ते १५ टक्के. सेनोतेत, म्हणजे चुनखडीच्या खडकातल्या नैसर्गिक कुंडात, पोहताना कुणी तुमच्या आईंचा हात धरून पायऱ्या उतरवल्या, लाइफ जॅकेट घट्ट बांधून दिलं, तर त्यालाही ५०. इस्ला मुखेरेस बेटाच्या सहलीच्या कॅटामरान बोटीवर सगळ्या खलाशांसाठी एक बरणी फिरते. तिच्यात माणशी ५० ते १०० टाका. कोसुमेल बेटावर स्कूबा डायव्हिंग केलंत तर १० ते १५ टक्के, कारण पाण्याखाली तुमचा जीव त्या माणसाच्या हाती असतो. स्पा आणि मसाजला १५ टक्के, पण आधी बिलात सेवाशुल्क लावलंय का ते पाहा.

पाच-दहा पेसोंची माणसं

भाड्याची गाडी घेतली असेल तर हे लागेल. पेट्रोल पंपावर कामगारच पेट्रोल भरतो. त्याला ५ ते १०, काच पुसली किंवा हवा तपासली तर थोडे जास्त. भरण्याआधी आकडा शून्यावर आहे ना ते बघा. पार्किंगमध्ये हात हलवून गाडी मागे घ्यायला मदत करणाऱ्याला ५ ते १०, व्हॅले पार्किंगला २० ते ५०. सुपरमार्केटमध्ये पिशव्या भरून देणारी वृद्ध माणसं दिसतात. त्यांना दुकान पगार देत नाही, टिप हीच त्यांची कमाई. ५ ते १० पेसो नक्की द्या, सामान जास्त असेल तर २०. सार्वजनिक स्वच्छतागृहाबाहेर बसलेल्या बाईंना ५.

पोलिसाने गाडी अडवून जागच्या जागी पैसे मागितले तर ती टिप नव्हे. शांतपणे लेखी पावती मागा आणि दंड असेल तर अधिकृत ठिकाणी भरू म्हणा. नोट सरकवू नका. तसंच हॉटेलच्या बिलावर येणारा पर्यावरण कर किंवा कानकुन ज्यात येतं त्या किंताना रो राज्याचा परदेशी पर्यटकांसाठीचा ‘व्हिसीटॅक्स’ हे सरकारी कर आहेत. ते भरले म्हणून टिप चुकती झाली असं होत नाही.

एकूण किती काढून ठेवायचे

चार जणांचं कुटुंब, एक खोली, पाच रात्री असं धरू. ड्रायव्हर येता-जाता २००, बोतोनेस येता-जाता २००, खोली रोज ८० प्रमाणे ४००, नाश्ता आणि दुपारचं जेवण मिळून रोज ८० म्हणजे ४००, रात्रीचं रोज १२० म्हणजे ६००, बार आणि पाण्याकाठचे रोज १०० म्हणजे ५००, एका सहलीला गाइड-ड्रायव्हर मिळून ५५०. बेरीज २,८५० पेसो, म्हणजे साधारण दीडशे-पावणेदोनशे डॉलर. शेफसाठी ३०० वेगळे. विमानाची तिकिटं आणि हॉटेल बुक करतानाच ही रक्कम खर्चात धरली की सुट्टीत प्रत्येक नोटेला मन अडत नाही.

पाकिटात रोजचे वेगळे ठेवा, आणि घरातल्या एकाकडेच ही जबाबदारी द्या. नाही तर ‘तू दिलेस ना?’ ‘मला वाटलं तू दिलेस’ करता करता सगळे उठून जातात. मुलांच्या हातून द्यायला लावलंत तर फार छान; वेटरही खुश होतो आणि मुलंही ‘ग्रासियास’ म्हणायला शिकतात.

निघायच्या आदल्या रात्री उरलेली पेसोची नाणी काढा. ती परदेशात कुठेही बदलून मिळत नाहीत, म्हणून खोलीतल्या शेवटच्या चिठ्ठीसोबत किंवा नाश्त्याच्या टेबलावर ठेवून संपवा. आणि ज्यांनी विशेष केलं त्यांची नावं छातीवरच्या बिल्ल्यावरून टिपून रिसेप्शनच्या अभिप्राय पत्रावर लिहा. शेफचं, कामारिस्ताचं, त्या बारवरच्या मुलाचं नाव. व्यवस्थापन ते वाचतं आणि बढतीच्या वेळी त्याचा उपयोग होऊ शकतो. हे मात्र पैशांच्या जागी नव्हे, पैशांसोबत करायचं.